केळं, 4011 आणि 'मला माहीत नाही'

या शनिवारचा विषय भाजीबाजारातला आहे. आठवडाभर ऑफिसात ज्यावर डोकं फोडतो त्यावर सुट्टीच्या दिवशी लिहायचं नाही, असा माझा एक नियम आहे. आज तो मोडतोय, कारण गेल्या पंधरा दिवसांत ऑफिसात एक वाद पेटलाय आणि त्याच्या निमित्ताने मी बरंच जुनं वाचून काढलं. ते इथे मांडलं नाही तर चैन पडणार नाही.

आधी वाद काय तो सांगतो. आमची चार जणांची टीम गेलं वर्षभर एका दुकानसाखळीसाठी काम करतेय (नाव सांगता येणार नाही, करारात तसं लिहून घेतलंय). काम असं, की बिलाच्या काउंटरवर सुटी भाजी किंवा फळं काट्यावर ठेवली की वरचा कॅमेरा फोटो काढणार, आमचं मॉडेल सांगणार 'टोमॅटो', काटा वजन देणार आणि बिलात ओळ उमटणार. मॉडेलची खात्री नसली तर पडद्यावर चार चित्रं येतात आणि काउंटरवरची मुलगी त्यातल्या एकावर बोट ठेवते. बस्स, एवढंच. आता क्लायंटकडच्या साहेबांचं म्हणणं असं की एआयसाठी एवढे पैसे मोजले, मग परत माणसाला कशाला विचारायचं? ती चार चित्रं काढून टाका, मशीन म्हणेल ते बिल. दिसायला ही एका स्क्रीनची गोष्ट आहे. पण महिनाअखेरीला हिशोबात तूट निघाली की जाब द्यावा लागतो तो त्या मुलीलाच. मॉडेलला कोणी केबिनमध्ये बोलावत नाही.

तर म्हटलं, आपल्या आधी या प्रश्नात कोण कोण पडलं होतं ते बघूया. आणि वाचता वाचता थेट 1948 सालात पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये 'फूड फेअर' नावाच्या किराणा साखळीचे अध्यक्ष डीनना भेटायला आले होते. त्यांची मागणी साधी होती. गिऱ्हाईक वस्तू घेऊन गल्ल्यावर आलं की ती वस्तू कोणती हे यंत्राला आपोआप कळावं, यावर तुम्ही संशोधन कराल का? डीन नाही म्हणाले. पण हे बोलणं बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या एका तरुणाच्या कानावर पडलं आणि त्याने ते आपल्या मित्राला, नॉर्मन जोसेफ वुडलँडला सांगितलं. दोघांनी आधी अतिनील प्रकाशात चमकणारी शाई वापरून पाहिली. ती फिकी पडायची, शिवाय महाग. वुडलँडच्या डोक्यात मात्र हा किडा इतका वळवळला की तो सगळं सोडून मायामी बीचला आजोबांकडे जाऊन राहिला. तिथे एक दिवस वाळूत बसलेला असताना त्याला लहानपणी स्काउटमध्ये शिकलेली मोर्स लिपी आठवली, टिंब आणि रेघ. त्याने सहज चार बोटं वाळूत खुपसून स्वतःकडे ओढली आणि चार रेघा उमटल्या. टिंब आणि रेघा खाली ओढल्या तर बारीक आणि जाड पट्टे होतात! झालं, बारकोडचा जन्म.

20 ऑक्टोबर 1949 ला दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला, 7 ऑक्टोबर 1952 ला पेटंट मिळालं. वाचायचं यंत्र म्हणजे 500 वॅटचा दिवा आणि सिनेमातला आवाज वाचण्यासाठी वापरायचे तसली नळी. दिवा इतका तापायचा की कागदातून धूर यायचा. कल्पना बरोबर होती, पण ती वापरायला लागणारा लेझर अजून अस्तित्वातच नव्हता (तो 1960 साली आला) आणि स्वस्त कॉम्प्युटर तर त्याहून लांब. पेटंटचे दोघांना मिळून 15,000 डॉलर मिळाले. सिल्व्हर 1963 मध्येच गेला. त्याने आपला बारकोड दुकानात कधी पाहिलाच नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट बघा, कारण माझ्या मते सगळ्या कथेची मेख इथे आहे. अध्यक्षांनी विचारलं होतं, यंत्राला वस्तू कशी ओळखता येईल? वुडलँड आणि सिल्व्हरने या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही! त्यांनी प्रश्नच टाळला. बालवाडीतल्या मुलांच्या शर्टाला पिन लावून नावाची चिठ्ठी अडकवतात ना, तसं. बाईंना पोराचा चेहरा ओळखायची गरज नाही, चिठ्ठी वाचता आली की झालं. बारकोड वस्तू ओळखत नाही, चिठ्ठी वाचतो. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं. अवघड प्रश्न सोडवता येत नसेल तर तो सोपा करून घ्यावा, यात काहीही कमीपणा नाही.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. जुलै 1972 मध्ये आरसीए कंपनीने सिनसिनाटीजवळच्या एका क्रोगर दुकानात गोल गोल वर्तुळांचा, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा दिसणारा कोड वापरून पाहिला. (मी ऑनसाइटला आठ महिने सिनसिनाटीतच होतो, पण तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. नाहीतर केनवुडला जाऊन निदान तो परिसर तरी बघून आलो असतो.) गोल कोडची अडचण छपाईत होती. कागद यंत्रातून धावताना शाई फरफटायची आणि वर्तुळं बिघडायची. आयबीएमच्या जॉर्ज लॉररने आयताकृती कोड काढला. उभ्या पट्ट्यांवर शाई पट्ट्यांच्याच दिशेने फरफटली तर पट्टी फक्त थोडी लांब होते, तिची जाडी बदलत नाही. किती साधी गोष्ट! वुडलँडही तोवर आयबीएममध्येच होता. 3 एप्रिल 1973 ला उद्योगाच्या समितीने हाच कोड निवडला आणि 26 जून 1974 ला सकाळी ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये पहिली वस्तू स्कॅन झाली, रिग्लीज ज्यूसी फ्रूट च्युइंगगमचं दहाचं पाकीट, किंमत 67 सेंट.

आता या कोडच्या पोटात काय आहे बघा. बारा आकडे (युरोपात आणि आपल्याकडे तेरा, आणि जीएस1 इंडियाकडून नोंदवलेले कोड 890 ने सुरू होतात, घरातलं बिस्किटाचं पाकीट उलटून बघा). त्यातला शेवटचा आकडा निव्वळ पडताळ्याचा असतो. बाकीच्या आकड्यांपैकी एकाआड एक आकड्याला 3 ने गुणायचं, उरलेले तसेच घ्यायचे, सगळ्यांची बेरीज करायची, आणि त्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. कुठलाही एक आकडा चुकून दुसरा वाचला गेला तर बेरीज जुळत नाही आणि स्कॅनर गप्प बसतो. 'बीप' येत नाही. मग काउंटरवरचा माणूस पाकीट पुसतो, फिरवतो, परत दाखवतो, आणि अगदीच नाही जमलं तर आकडे हाताने टाइप करतो.

म्हणजे बारकोडला 'मला कळलं नाही' असं म्हणता येतं. ही त्याची खरी ताकद आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण गंमत अशी की ज्या किराणा दुकानदाराने 1948 मध्ये प्रश्न विचारला होता त्याच्या दुकानातला एक भाग या उत्तरातून सुटला तो सुटलाच. भाजी! वांग्याला चिठ्ठी कोण लावणार? पाव, पेस्ट्री, सुटे तांदूळ, सुकी मासळी, यातलं काहीच कारखान्यातून वेष्टनात येत नाही. 1990 पासून अमेरिकेत यावर उपाय म्हणून चार आकडी पीएलयू कोड आले. फळावर ते इवलंसं स्टिकर असतं ना, त्यावरचा आकडा. नेहमीच्या पिवळ्या केळ्याचा कोड 4011, सेंद्रिय असेल तर पुढे 9 लावून 94011. स्टिकर नसेल किंवा पडलं असेल तर? तर कॅशियरने पाठ करायचं. शेकडो कोड. सिनसिनाटीतल्या दुकानात मी कारली घेऊन गेलो की काउंटरवरची बाई ती पिशवी वर धरून मलाच विचारायची, हे काय आहे? मी नाव सांगायचो, ती फाइलमध्ये शोधायची, मागे रांग खोळंबायची. कोथिंबिरीच्या वेळी ती विचारायची नाही, पण पार्सली आणि कोथिंबीर यात तिची कायम गल्लत व्हायची आणि ती पान चुरगाळून वास घ्यायची. बरोबरच करायची.

माझी मामी सांगलीकडे एका ग्राहक भांडारात बरीच वर्षं काउंटरवर होती. हा लेख लिहायच्या आधी तिला फोन केला. म्हटलं, "मामी, सुट्या मालाचे कोड पाठ होते का गं तुला?" ती म्हणाली, "पाठ कसले रे, बोटंच आपोआप जायची. पण आंबेमोहोर आणि इंद्रायणी आले की गडबड व्हायची बघ. दिसायला सारखेच."

"मग काय करायचीस?"

"वास घ्यायचा. नाहीच कळलं तर सरळ विचारायचं, काकू, हे कुठल्या पोत्यातलं घेतलंत? घेणाऱ्याला माहीत असतंच की."

आता बघा, आमच्या टीममध्ये चार इंजिनिअर, पण गिऱ्हाइकाला विचारावं हे वर्षभरात एकालाही सुचलेलं नाही. असो.

1996 साली आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रातल्या पाच जणांनी (त्यात एक राकेश मोहन होते) 'व्हेजीव्हिजन' नावाच्या यंत्रावर पेपर लिहिला. काट्यातच कॅमेरा, वस्तू ठेवली की फोटो. हा पेपर मी दोनदा वाचला. तेव्हा आजच्यासारखी न्यूरल नेटवर्क हाताशी नव्हती, म्हणून त्यांनी एकेक अडचण हाताने सोडवलेली आहे. पहिली अडचण, फोटोत भाजी कुठली आणि मागची पार्श्वभूमी कुठली? त्यांची युक्ती म्हणजे दोन फोटो काढायचे, एक यंत्राचा दिवा लावून आणि एक बंद ठेवून. दिव्याजवळची वस्तू दिवा लागल्यावर खूप उजळते, लांबचं छत वगैरे फारसं बदलत नाही. दोन फोटोंची तुलना केली की भाजी वेगळी काढता येते. दुसरी अडचण, प्लॅस्टिकच्या पिशवीवरची चमक. त्यावर उपाय पोलराइज्ड काचांचा, उन्हाच्या चष्म्यात असतात तशा. मग रंग आणि पोत यांची आकडेवारी काढायची आणि आधी साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बघायची. नवीन भाजी आली तर दुकानातच चार फोटो काढून शिकवायची.

आणि त्यांच्या निकालाचं वाक्य फार प्रामाणिक आहे. 95 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर उत्तर पहिल्या चार पर्यायांत असतं. पहिल्या चारांत! यंत्राची खात्री असेल तर ते स्वतः ठरवतं, नसेल तर चार चित्रं दाखवून माणसाला विचारतं. म्हणजे आमच्या क्लायंटला नको असलेला पडदा 1996 सालीच काढलेला आहे. तो एआय कमी पडलं म्हणून मागाहून लावलेलं ठिगळ नाही. तो मूळ यंत्राचाच भाग आहे. हे यंत्र पुढे दुकानादुकानांत पोचलं नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या किमती बघता नवल नाही.

हीच कल्पना खऱ्या अर्थाने चालवून दाखवली ती जपानमधल्या एका छोट्या कंपनीने. ह्योगो प्रांतात निशिवाकी नावाचं गाव आहे, रंगीत सुताच्या विणकामासाठी प्रसिद्ध (आपल्या इचलकरंजीसारखं म्हणा ना). तिथल्या 'ब्रेन' नावाच्या कंपनीचे हिसाशी कांबे आधी कापडाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर करायचे. मग त्यांच्याकडे बेकऱ्यांचा प्रश्न आला. जपानी बेकरीत शंभर-शंभर प्रकारचे पाव असतात आणि गिऱ्हाइकाला ते वेष्टनाशिवाय, उघडे, ताजे हवे असतात. म्हणजे चिठ्ठी लावायची सोय नाही. नवीन नोकरीला लागलेल्या मुलीला सगळे पाव आणि त्यांच्या किमती पाठ करायला खूप दिवस लागायचे. वर्षानुवर्षं खपून 2013 साली त्यांनी 'बेकरीस्कॅन' बाजारात आणलं.

याच्या अडचणी वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं. पाव एकमेकांना चिकटून ठेवलेले असतात, मग एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो? बाजूच्या पावाची सावली पडली की कॅमेऱ्याला ती पावाचाच भाग वाटते. यांनी काय केलं, तर ट्रेच्या खालून प्रकाश सोडला, सावलीच नाहीशी! शिवाय एकाच प्रकारचे दोन पाव कधीच सारखे दिसत नाहीत, एक जरा जास्त भाजलेला, दुसरा वाकडा. आणि बेकरीवाला दर थोड्या दिवसांनी नवा पाव काढणार, त्याचे हजारो फोटो मिळणार कुठून? मोजक्या नमुन्यांवर शिकणं भाग होतं, म्हणून त्यांनी हाताने घडवलेली वैशिष्ट्यं वापरली, डीप लर्निंग नव्हे.

आणि आता तुम्ही ओळखलंच असेल. पडद्यावर प्रत्येक पावाभोवती रंगीत रेघ येते. यंत्राची खात्री असेल तर हिरवी, शंका असेल तर पिवळी. पिवळा दिसला की काउंटरवरची व्यक्ती बोटाने दुरुस्त करते, आणि त्या दुरुस्तीतून यंत्र शिकतं. (पुढे 2017 मध्ये क्योटोतल्या एका डॉक्टरांनी हे यंत्र टीव्हीवर पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी त्यांना पावांसारख्याच वाटल्या, आणि कॅन्सरच्या पेशी शोधण्यासाठी तेच तंत्र वापरायचे प्रयोग सुरू झाले. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

याच सुमारास, 2012 मध्ये, इमेजनेटच्या स्पर्धेत अॅलेक्सनेटने धुमाकूळ घातला आणि चित्रं ओळखायचं सगळं शास्त्रच बदललं. हाताने वैशिष्ट्यं घडवायची गरज उरली नाही, भरपूर फोटो द्या, नेटवर्क आपलं आपण शिकेल. लोकांना वाटलं, सुटला प्रश्न.

कितपत सुटला ते बघायचं असेल तर 2019 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला 'आरपीसी' नावाचा फोटोंचा संच बघावा. 200 वस्तू, 83,739 फोटो. त्यातले 53,739 फोटो एकेका वस्तूचे, फिरत्या तबकडीवर ठेवून सर्व बाजूंनी काढलेले. हे शिकण्यासाठी. उरलेले 30,000 फोटो काउंटरचे, अनेक वस्तू एकत्र पसरलेल्या. हे परीक्षेसाठी. निकष कडक होता, फोटोतली पूर्ण यादी, नगांसकट, बरोबर आली तरच मार्क. नुसत्या एकेकट्या फोटोंवर शिकवलेल्या मॉडेलला मार्क पडले जवळपास शून्य. कॉम्प्युटरवर खोटे खोटे काउंटर तयार करून, त्यांना खऱ्यासारखी छाया-प्रकाशाची झिलई देऊन शिकवल्यावर ते साधारण 57 टक्क्यांपर्यंत गेले. पुढच्या लोकांनी हे आकडे पुष्कळ वर नेले, पण पहिला शून्य मला महत्त्वाचा वाटतो. स्टुडिओतला टोमॅटो आणि काउंटरवर पिशवीत दबलेला टोमॅटो, मॉडेलच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

'पूर्ण यादी बरोबर' हा निकष कडक वाटतो, पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाचा निकष तोच असतो. साधं गणित करू. समजा मॉडेल 99 टक्के बरोबर आहे. वा! प्रेझेंटेशनमध्ये छान दिसतं. आता एका बिलात 20 सुट्या वस्तू आल्या. सगळ्या बरोबर येण्याची शक्यता 0.99 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 82 टक्के. दर पाच-सहा बिलांत एक बिल चुकलेलं! 95 टक्क्यांचं मॉडेल असेल तर बरोबर बिलं फक्त 36 टक्के. हे गणित मी क्लायंटला दोनदा दाखवलंय. साहेब मान हलवतात आणि पुढची स्लाइड म्हणतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. बारकोडला 'कळलं नाही' म्हणता येतं असं वर म्हटलं होतं. न्यूरल नेटवर्कला ते आपण होऊन येत नाही. त्याच्या शेवटच्या पायरीला सगळ्या पर्यायांत मिळून 100 टक्के वाटायचेच असतात. यादीत नसलेली वस्तू ठेवली तरी ते शंभर टक्के यादीतल्याच कोणाला तरी जाणार. आम्ही मुद्दाम काट्यावर जेवणाचा स्टीलचा डबा ठेवून पाहिला. उत्तर आलं, वांगं, 91 टक्के! ते 91 म्हणजे खात्री नव्हे. वर्गात ज्या पोराला 'माहीत नाही' म्हणायची परवानगीच नाही त्याचं ते उत्तर आहे. यावर इलाज आहेत, खात्रीचा आकडा तपासून जुळवून घ्यायचा, उंबरठा ठरवायचा, अनोळखी वस्तू वेगळी काढायची. पण हे सगळे इलाज शेवटी एकाच जागी येऊन थांबतात. मशीन म्हणालं माहीत नाही, तर मग कोणाला विचारायचं?

ॲमेझॉनने याचं उत्तर वेगळ्या पद्धतीने दिलं. 22 जानेवारी 2018 ला सिॲटलमध्ये त्यांचं 'ॲमेझॉन गो' सर्वांसाठी उघडलं. काउंटरच नाही! छताला कॅमेरे, फळ्यांखाली वजनाचे सेन्सर, वस्तू उचला आणि चालू पडा, बिल मागाहून फोनवर. आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांचे डोळे विस्फारले होते, माझेही. मग एप्रिल 2024 मध्ये बातमी आली की आपल्या अमेरिकेतल्या मोठ्या 'फ्रेश' दुकानांतून कंपनी हे तंत्र काढून घेतेय. त्याच सुमारास 'द इन्फर्मेशन' या प्रकाशनातल्या जुन्या वृत्तान्ताची पुन्हा चर्चा झाली. त्यानुसार या कामावर भारतात सुमारे हजार माणसं होती आणि 2022 मध्ये दर हजार खरेद्यांपैकी 700 च्या आसपास माणसांना तपासाव्या लागत होत्या. ॲमेझॉनने हे आकडे नाकारले. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं मुख्यतः मॉडेल शिकवण्यासाठी व्हिडिओवर खुणा करत होती, आणि पडताळणी थोड्याच खरेद्यांची व्हायची.

आकडा कोणाचा खरा यात मी शिरत नाही. पण दोन्ही बाजूंना मान्य असलेला भाग पुरेसा आहे. माणूस होता. फक्त तो सिॲटलच्या काउंटरवरून उठून इथे कुठल्या तरी ऑफिसात स्क्रीनसमोर बसला होता. आणि मामी ज्या दोन गोष्टी करू शकायची, वास घेणं आणि काकूंना विचारणं, त्या दोन्ही त्याच्याकडे नव्हत्या. त्याच्याकडे होता फक्त व्हिडिओ, म्हणजे जे बघून मशीनला कळलं नव्हतं नेमकं तेच! मला विचाराल तर चार चित्रांचा पडदा याहून कितीतरी चांगला, कारण तिथे विचारलं जातं त्या व्यक्तीच्या हातात खरी वस्तू असते.

आमच्याकडे काय चाललंय ते सांगून थांबतो. गेल्या आठवड्यात आम्ही दोन दुकानांत एक बदल करून पाहिला. चार चित्रांच्या खाली पाचवं बटण दिलं, 'यातलं नाही'. ते दाबलं की फोटो आमच्याकडे येतो आणि मुलगी नेहमीसारखा कोड टाइप करते. आणि दुरुस्तीची नोंद कर्मचाऱ्याच्या नावावर न ठेवता काट्याच्या नंबरावर ठेवली. हे दुसरं मी मुद्दाम केलं. पहिल्या दोन दिवसांत ते बटण कोणी दाबलंच नव्हतं. काउंटरवर जाऊन विचारलं तेव्हा एक जण म्हणाली, "सर, हे दाबलं की आमच्या नावावर चूक लागते ना?" नाही लागत म्हटल्यावर तिसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागले. पहिल्याच ढिगात चाकवत आणि चंदनबटवा निघाले, जे आमच्या यादीतच नव्हते. मॉडेल इतके महिने त्यांना बिनदिक्कत पालक म्हणत होतं, आणि मुली गुपचूप दुरुस्त करत होत्या.

मंगळवारी साहेबांबरोबर मीटिंग आहे. 82 टक्क्यांची स्लाइड तिसऱ्यांदा दाखवणार नाही. चाकवताचे फोटो आणि पालकाच्या भावाने गेलेल्या जुड्यांचा हिशोब घेऊन जाणार आहे. भावातला फरक त्यांना टक्क्यांपेक्षा लवकर कळेल असं वाटतंय. काय ठरतं ते पुढे कधीतरी लिहीन.